लाइम पुन्हा का होतो? एका जिवाणूच्या अनेक वाणांविषयी

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका वाचकांना २०२१ च्या जूनमध्ये मांडीवर गोल लाल चट्टा उठला. गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम या जिवाणूजन्य आजाराचं निदान झालं आणि डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकानं ते बरे झाले. गेल्या उन्हाळ्यात पुन्हा चट्टा उठला, या वेळी पाठीवर. डॉक्टर म्हणाले, हा नवा संसर्ग आहे. वाचकांना शंका आहे की पहिलाच जिवाणू अंगात दडून बसला आणि 'म्युटेट' होऊन परत आला. म्युनिकला असलेल्या त्यांच्या भावालाही लाइम झाला होता, पण त्याचा चट्टा कित्येक आठवडे सावकाश पसरत राहिला, ना ताप ना अंगदुखी. मग आजार तोच कसा? आपला 'स्ट्रेन' तपासून घ्यावा का? आणि सांगलीकडे घरच्या गोठ्यात गोचिडी आहेत, तिथं आईवडिलांना धोका आहे का?

तुमचे सगळे प्रश्न शेवटी एकाच गोष्टीपाशी येतात. लाइमचा जिवाणू एकजिनसी नाही. एकाच नावाखाली त्याचे अनेक वाण, म्हणजे तुम्ही म्हणता ते 'स्ट्रेन', एकाच रानात, पुष्कळदा एकाच गोचिडीच्या पोटात, नांदत असतात. हे वाण ओळखणं हाच माझा प्रयोगशाळेतला रोजचा उद्योग, त्यामुळे उत्तर लांबणार. घाईत असाल तर पहिल्या शंकेचं उत्तर आधीच देऊन टाकते: जुना जिवाणू रूप पालटून परत आलेला नाही. दुसऱ्या गोचिडीनं तुम्हाला दुसरा वाण दिला, हीच शक्यता सर्वांत मोठी.

हे मी अंदाजानं म्हणत नाही. न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी २०१२ साली नेमका हाच प्रश्न तपासला. ज्यांना एकाहून जास्त वेळा चट्टा उठला आणि दर वेळी त्यातला जिवाणू वाढवून जपून ठेवलेला होता, असे १७ रुग्ण त्यांच्याकडे होते. लागोपाठच्या चट्ट्यांच्या २२ जोड्या त्यांनी ताडून पाहिल्या. एकाही जोडीत दोन्ही वेळचा वाण एक निघाला नाही. औषध पुरं न पडल्यामुळे जुनाच आजार उलटत असता, तर निदान काही जोड्या तरी जुळल्या असत्या. तुमच्या बाबतीत जिवाणू वाढवून पाहिलेला नाही, त्यामुळे शंभर टक्के पुरावा कोणीच देऊ शकणार नाही. पण मध्ये गेलेली वर्षं, चट्ट्याची वेगळी जागा आणि ऐन गोचिडींचा हंगाम या तिन्ही गोष्टी नव्या चाव्याकडेच बोट दाखवतात.

आता वाण म्हणजे काय आणि ते इतके का, याकडे वळते.

लाइम हे कनेक्टिकटमधलं गाव. १९७५ च्या सुमारास तिथल्या बऱ्याच मुलांचे सांधे एकाएकी सुजू लागले. पॉली मरे आणि आणखी एका आईनं पाठपुरावा केला नसता तर डॉक्टरांनी ते बालसंधिवाताच्या खात्यात टाकून दिलं असतं. येल विद्यापीठाच्या ॲलन स्टीअर यांनी त्याचा माग काढला. जिवाणू मात्र सापडला १९८१ साली, मोंटानातल्या हॅमिल्टनच्या रॉकी माउंटन प्रयोगशाळेत. न्यूयॉर्कच्या शेल्टर आयलंडवरून आलेल्या गोचिडींची आतडी विली बर्गडॉर्फर तपासत होते. शोध वेगळ्याच तापाच्या जंतूचा चालला होता आणि दिसले ते मळसूत्रासारखे वळणदार, लांबट जिवाणू. ॲलन बार्बर यांनी ते प्रयोगशाळेत वाढवून दाखवले. बर्गडॉर्फर यांच्या सन्मानार्थ १९८४ साली त्यांना 'बोरेलिया बर्गडॉर्फेरी' हे नाव मिळालं. त्याच बेटावरच्या एका गोचिडीतला 'बी-३१' हा वाण पुढं सगळ्या जगाचा नमुना ठरला. १९९७ मध्ये त्याचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला गेला, आणि इथून खरी गंमत सुरू होते.

बहुतेक जिवाणूंचं गुणसूत्र गोल कड्यासारखं असतं. याचं सरळ, दोरीसारखं आहे आणि दोन्ही टोकांना डीएनएचा धागा हेअरपिनसारखा दुमडून स्वतःलाच जोडलेला असतो. लांबी सुमारे ९ लाख १० हजार अक्षरं, म्हणजे जिवाणूंच्या मानानंही बेताचीच. त्याशिवाय बी-३१ मध्ये २१ प्लाझ्मिडं आहेत, १२ सरळ आणि ९ गोल. प्लाझ्मिड म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेर स्वतंत्रपणे राहणारा डीएनएचा तुकडा. इतर जिवाणूंत ती एखाददुसरी असतात आणि ती गेली तरी फारसं बिघडत नाही. इथे मात्र एकूण डीएनएचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग प्लाझ्मिडांवर आहे, आणि माणसाशी, उंदराशी, गोचिडीशी ज्या प्रथिनांनिशी गाठ पडते त्यांतली बरीचशी तिथंच लिहिलेली आहेत.

माझ्या मते या जिवाणूचं वैविध्य समजून घेण्याची किल्ली इथं आहे. गुणसूत्र शांत आहे. जगाच्या दोन टोकांचे वाण घेतले तरी त्यावरच्या जनुकांचा क्रम जवळजवळ तोच सापडतो. खळबळ आहे ती प्लाझ्मिडांवर. एका वाणात असलेलं प्लाझ्मिड दुसऱ्यात नसतं, कुठे दोन प्लाझ्मिडांचे तुकडे एकमेकांना जोडले गेलेले असतात, कुठे जनुकं मोडून पडलेली असतात. 'सीपी-३२' नावाची एकमेकांशी मिळतीजुळती गोल प्लाझ्मिडं तर मुळात जिवाणूत मुक्काम ठोकलेले विषाणू आहेत. ती एका वाणातला डीएनए दुसऱ्यात नेऊ शकतात. त्यामुळे गुणसूत्र पाहून दोन वाण सख्खे भाऊ वाटावेत आणि पृष्ठभागावरच्या प्रथिनांकडे पाहून अनोळखी, असं इथं सर्रास घडतं.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला हे फार लवकर कळतं. हा जिवाणू नळीत पुन्हा पुन्हा वाढवत राहिलात की त्याची प्लाझ्मिडं गळू लागतात. 'एलपी-२५' आणि 'एलपी-२८-१' ही दोन गेली की जिवाणू नळीत मजेत वाढतो, पण उंदराला लागण करू शकत नाही. एलपी-२५ वर असलेल्या एका विकराशिवाय त्याचं प्राण्याच्या अंगात भागत नाही, असं पुढं दिसून आलं. म्हणून संसर्गाचा प्रयोग करायचा असेल तर जुनी, अनेकदा वाढवलेली संवर्धनं कोणी वापरत नाही, आणि प्रयोगाआधी कोणकोणती प्लाझ्मिडं शिल्लक आहेत याची पीसीआर ही डीएनए ओळखणारी चाचणी करून हजेरी घेतली जाते.

एकच गोल प्लाझ्मिड मात्र कधीच गळत नाही, 'सीपी-२६'. त्याच्यावर 'ओएसपीसी' नावाच्या, जिवाणूच्या अंगावरच्या प्रथिनाचं जनुक आहे. तुमच्या दुसऱ्यांदा झालेल्या लाइमचं कोडं बरंचसं या एका जनुकात आहे.

उपाशी गोचिडीच्या आतड्यात असताना जिवाणूच्या अंगावर ओएसपीए हे प्रथिन असतं, त्याच्या जोरावर तो तिथं चिकटून राहतो. गोचीड तुमच्या कातडीत तोंड खुपसून रक्त पिऊ लागली की ऊब आणि रक्त यांची चाहूल लागून तो ओएसपीए कमी करतो, ओएसपीसी बनवू लागतो आणि लाळग्रंथींकडे निघतो. हा प्रवास आणि पालट व्हायला वेळ लागतो. अमेरिकेत गोचीड एका दिवसाच्या आत काढली तर लागण सहसा होत नाही, त्याचं कारण हेच. प्राण्याच्या अंगात पहिले काही दिवस टिकाव धरायला ओएसपीसी लागतंच. पण तेच प्रथिन अंगावर मिरवत आल्यामुळे शरीर सगळ्यात आधी त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं.

आता असं पाहा: उत्तरपूर्व अमेरिकेत ओएसपीसीचे डझनाहून जास्त ठळक गट फिरत आहेत. त्यांना ए, बी, सी अशी अक्षरं दिलेली आहेत. एकाच गटातल्या दोन नमुन्यांत या जनुकात २ टक्क्यांहून कमी फरक असतो आणि दोन वेगळ्या गटांत ८ टक्क्यांहून जास्त. मधली पायरी जवळजवळ नाहीच. 'के' गटाविरुद्ध तुमच्या अंगात तयार झालेली प्रतिपिंडं 'ए' गटाला ओळखत नाहीत. पहिल्या वेळी ज्या गटाची लागण झाली तिच्यापासून काही वर्षं संरक्षण मिळतं. रुग्णांच्या नोंदींवरून केलेल्या एका अभ्यासात ते किमान ६ वर्षं टिकत असावं असं दिसलं. बाकीच्या गटांना दार उघडंच. त्यामुळे लाइम एकदा झाला म्हणजे सुटलो, असं देवी किंवा गोवरासारखं इथं म्हणता येत नाही.

इतके गट टिकले कसे, यावर आमच्यात बराच वाद झालेला आहे. साधारणपणे एखादा वाण सरस ठरला की बाकीचे मागे पडून नाहीसे होतात. इथं तसं होत नाही, काहीतरी त्यांना सगळ्यांना जगवतंय. एक स्पष्टीकरण उंदरांच्या प्रतिकारशक्तीचं. पांढऱ्या पायांचा उंदीर हा तिथला मुख्य यजमान, म्हणजे जिवाणू ज्याच्या अंगात राहतो तो प्राणी. उन्हाळ्याच्या सुरुवातीला निंफ अवस्थेतल्या, म्हणजे अळीनंतरच्या पण पुरत्या न वाढलेल्या, गोचिडी त्याला लागण देतात आणि पुढं अळ्या त्याच्याकडून ती घेतात. जो गट जास्त पसरला त्याच्याविरुद्ध बहुतेक उंदीर तयार झालेले असतात, त्यामुळे विरळ गटाचं फावतं. तो वाढला की त्याचीही तीच गत. दुसरं स्पष्टीकरण ब्रिसन आणि डायकहायझेन या संशोधकांनी २००४ मध्ये मांडलं: उंदीर, चिपमंक, चिचुंद्री, खार हे प्राणी वेगवेगळ्या गटांना वेगवेगळं मानवतात, म्हणून प्रत्येक गटाला कुठे ना कुठे घर मिळतं. दोन्हींचे पुरावे आहेत आणि दोन्ही एकाच वेळी खरी असायला हरकत नाही. माझा कल पहिल्याकडे आहे, कारण ओएसपीसीचा जो भाग सर्वाधिक बदलतो तोच प्रतिपिंडांसमोर उघडा पडलेला असतो. चिचुंद्रीचा अभ्यास मात्र आणखी व्हायला हवा. सगळे उंदरांच्याच मागे लागतात, कारण ते पिंजऱ्यात सहज सापडतात.

सगळे गट माणसाला सारखेच त्रास देत नाहीत. १९९९ मध्ये असं मांडलं गेलं की ए, बी, आय आणि के हे चारच गट कातडीपलीकडे रक्तात आणि मेंदूभोवतालच्या द्रवात जातात. नंतर इतरही काही गट रक्तात सापडले, त्यामुळे ती यादी आता इतकी कडक राहिलेली नाही. मूळ मुद्दा मात्र टिकला आहे. 'ए' गटाच्या आणि त्याच्या जवळच्या वाणांनी होणारा आजार जास्त दाहक असतो, आणि औषधानंतरही महिनोन्‌महिने सुजत राहणाऱ्या गुडघ्यांत त्यांचं प्रमाण जास्त आढळतं. २०२३ मध्ये रुग्णांकडून मिळालेल्या २९९ जिवाणूंचे पूर्ण जीनोम ताडून पाहण्यात आले. त्यातले बहुतेक अमेरिकेतले, काही स्लोव्हेनियातले. शरीरभर पसरण्याची वृत्ती प्लाझ्मिडांवरच्या जनुकांच्या ठरावीक गठ्ठ्यांशी जोडलेली दिसली. म्हणजे ओएसपीसीचं अक्षर हे त्या सगळ्या गठ्ठ्याची ओळखखूण आहे. सगळा दोष एकट्या त्याच्या माथी मारणं बरोबर नाही.

तुमच्या 'म्युटेट' होण्याच्या शंकेत मात्र एक खरा धागा आहे आणि तो सोडून पुढं गेले तर अन्याय होईल. हा जिवाणू तुमच्या अंगात असताना बदलतोच. एलपी-२८-१ या प्लाझ्मिडावर 'व्हीएलएसई' नावाचं जनुक आहे आणि त्याच्या शेजारी १५ मुके संच, म्हणजे स्वतः प्रथिन न बनवणारे तुकडे. संसर्ग सुरू असताना या मुक्या संचांतले छोटे छोटे तुकडे व्हीएलएसईत शिवले जातात. जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची गोधडी करावी तसं हे चालतं: तुकडे तेच, पण नक्षी दर वेळी नवी. शरीरानं एका नक्षीविरुद्ध प्रतिपिंडं बनवेपर्यंत जिवाणूच्या अंगावर दुसरी आलेली असते. औषध न घेतलेल्या माणसात तो महिने, कधी वर्षंही तग धरतो, त्यामागे ही युक्ती मोठी आहे.

पण या बदलानं दोन गोष्टी होत नाहीत. डॉक्सिसायक्लिनला नक्षीशी घेणंदेणं नाही. ते जिवाणूच्या प्रथिनं बनवण्याच्या यंत्रणेवर घाव घालतं आणि ती सगळ्या वाणांत जवळजवळ सारखीच आहे. औषधाला दाद न देणारे वाण उदयाला आल्याचं इतक्या वर्षांत रुग्णांमध्ये दिसलेलं नाही. दुसरं म्हणजे व्हीएलएसई कितीही पालटलं तरी ओएसपीसीचा गट बदलत नाही. 'के' गटाचा जिवाणू तुमच्या अंगात राहून 'ए' गटाचा होत नाही. म्हणून तर त्या २२ जोड्यांच्या अभ्यासाला अर्थ आहे.

तुमच्या भावाचं प्रकरण आणखी एका पायरीवरचं आहे. तिथं वाण नव्हे, प्रजातीच वेगळी असण्याची शक्यता आहे. 'बोरेलिया बर्गडॉर्फेरी' हे नाव ढोबळ अर्थानं वापरलं की त्या छत्रीखाली आज २० हून अधिक प्रजाती येतात. (या सगळ्या कुळाला बोरेलियापासून तोडून वेगळं कुळ करावं असा प्रस्ताव २०१४ मध्ये आला आणि त्यावरून तज्ज्ञ अजून भांडतात. रुग्णानं त्या भांडणात पडू नये.) उत्तर अमेरिकेत जवळजवळ सगळा लाइम खऱ्या अर्थाच्या बर्गडॉर्फेरीमुळे होतो. युरोपात मुख्य वाटा अफझेली आणि गारिनी या दोघींचा. अफझेली कातडीत रमते. म्हाताऱ्या माणसांच्या हातापायांची कातडी जांभळट होऊन कागदासारखी पातळ होण्याचा जो विकार १८८३ मध्ये ब्रेस्लाऊच्या बुखवाल्ड यांनी नोंदवला, तो बहुतांशी हिचा. गारिनी मज्जासंस्थेकडे ओढली जाते: मणक्यातून निघणाऱ्या नसांच्या जीवघेण्या रात्रीच्या कळा, चेहऱ्याचा लकवा. सांधे धरण्यात अमेरिकी बर्गडॉर्फेरी पुढं. हे कल आहेत, नियम नव्हेत. न्यू जर्सीतही तोंड वाकडं झालेले रुग्ण येतात.

न्यूयॉर्कमधले बर्गडॉर्फेरीचे आणि स्लोव्हेनियातले अफझेलीचे रुग्ण शेजारी ठेवून १९९९ मध्ये तुलना झाली होती. अमेरिकेतल्या रुग्णांना ताप, अंगदुखी, थकवा असा त्रास जास्त होता. स्लोव्हेनियातल्यांचा आजार तुलनेनं सौम्य, सावकाश चालणारा. म्युनिकच्या भावाचं वर्णन यात तंतोतंत बसतं. त्याची प्रजाती मी इथून सांगू शकत नाही, पण पैज लावायचीच तर अफझेलीवर लावीन.

या प्रजातींची वाटणी झाली ती यजमानांवरून. अफझेलीला उंदीरवर्गीय प्राणी मानवतात, गारिनीला पक्षी. रक्तात 'कॉम्प्लिमेंट' नावाची प्रथिनांची एक जन्मजात फौज असते, ती घुसखोराला भोकं पाडून मारते. गारिनी उंदराच्या रक्तद्रवात मरते आणि पक्ष्याच्या रक्तद्रवात तरते, अफझेलीचं उलट. फौजेला थोपवणारी प्रथिनं कोणाकडे कोणती आहेत यावर हे ठरतं, आणि ती जनुकंही पुष्कळशी प्लाझ्मिडांवरचीच. पक्ष्यांचा आसरा मिळाल्यानं गारिनी कुठल्या कुठे पोचली आहे. समुद्रपक्ष्यांच्या गोचिडींतून ती उत्तर आणि दक्षिण दोन्ही गोलार्धांत सापडते. तिचीच एक उंदरांवर जगणारी शाखा वेगळी निघाली, तिला म्युनिक ज्या प्रांतात आहे त्या बव्हेरियाच्या नावावरून बव्हेरिएन्सिस म्हणतात, आणि ती तुमच्या भावाच्या दारातलीच. कॅलिफोर्नियात याच्या उलट घडतं. तिथल्या कुंपणावरच्या सरड्याचं रक्तच या जिवाणूला मारून टाकतं, त्यामुळे त्याला चावलेली निंफ निर्धोक होऊन बाहेर पडते.

नवी प्रजाती कशी हाती लागते याचं माझं आवडतं उदाहरण अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाचं. लाइमसाठीच्या नेहमीच्या पीसीआरमध्ये काही नमुन्यांचा डीएनए अपेक्षेपेक्षा वेगळ्या तापमानाला वितळत होता. एखाद्यानं ते यंत्राच्या माथी मारून पुढचा नमुना लावला असता. त्यांनी खोदून पाहिलं आणि मिनेसोटा-विस्कॉन्सिनकडच्या ६ रुग्णांत 'बोरेलिया मेयोनी' सापडली. ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. हिच्या रुग्णांत मळमळ-उलटी दिसते, पुरळ अंगभर पसरतं आणि रक्तात जिवाणूंची संख्या नेहमीपेक्षा खूपच जास्त असते.

एक गैरसमज वारंवार कानावर येतो की हा जिवाणू विसाव्या शतकात कुठून तरी नव्यानं आला, किंवा बनवला गेला. जीनोम तसं सांगत नाहीत. २०१७ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या १४६ जीनोमांचा वंशवृक्ष मांडला गेला. त्यांचा समान पूर्वज सुमारे ६० हजार वर्षांपूर्वीचा निघाला. वस्तुसंग्रहालयात ठेवलेल्या, मॅसॅच्युसेट्समध्ये १८९४ साली पकडलेल्या उंदरांच्या कातड्यांतही त्याचा डीएनए मिळाला आहे, आणि लाँग आयलंडवर १९४० च्या दशकात गोळा केलेल्या गोचिडींतही. बदललं ते रान. न्यू इंग्लंडमधली सोडून दिलेली शेतं पुन्हा झाडांनी भरली, शिकारीनं संपत आलेली हरणं परतली, त्यांच्याबरोबर गोचिडी वाढल्या आणि माणसानं रानाच्या कडेला घरं बांधली. इतकं वैविध्य चार-पाच दशकांत उभं राहूच शकत नाही. वैविध्य हाच त्याच्या वयाचा दाखला आहे.

आता 'स्ट्रेन तपासून घ्यावा का'. नको. रक्ताची नेहमीची तपासणी प्रतिपिंडं शोधते, तिच्यावरून वाण कळत नाही. वाण कळायला चट्ट्याच्या कातडीचा तुकडा घेऊन त्यातून जिवाणू वाढवावा लागतो किंवा थेट त्याचा डीएनए वाचावा लागतो. संवर्धनाला आठवडे जातात आणि हे संशोधनासाठी केलं जातं. कळलं तरी उपचारात फरक पडत नाही. साध्या चट्ट्याला डॉक्सिसायक्लिन १० दिवस, मग गट ए असो की के, प्रजाती अफझेली असो की बर्गडॉर्फेरी. 'तुमचा खास स्ट्रेन शोधून देतो' म्हणत पैसे मागणारे आणि मग त्या स्ट्रेनसाठी महिनोन्‌महिने प्रतिजैविकं देणारे भेटतील. दीर्घकाळ प्रतिजैविकं देऊन पाहण्याच्या नीट आखलेल्या चाचण्या झाल्या आहेत, आणि त्यांत रेंगाळणाऱ्या त्रासावर टिकाऊ फायदा दिसला नाही. दुष्परिणाम दिसले.

तपासणीच्या बाबतीत वैविध्य एका ठिकाणी खरोखर आडवं येतं. वेस्टर्न ब्लॉट या प्रतिपिंडांच्या चाचणीचे अमेरिकेतले निकष तिथल्या जिवाणूवर बेतलेले आहेत. युरोपात लागण झालेल्या माणसाला ते लावले तर खरा रुग्ण निसटू शकतो. यातून वाट काढली ती व्हीएलएसईनंच. त्या सतत पालटणाऱ्या प्रथिनात एक छोटा भाग असा आहे की जो कधी पालटत नाही आणि सगळ्या प्रजातींत जवळपास सारखा असतो. 'सी-६' ही चाचणी त्याच्यावर उभी आहे. तेव्हा सुट्टीत भावाकडे जाऊन बव्हेरियाच्या रानात हिंडलात आणि न्यू जर्सीत परतल्यावर काही झालं, तर डॉक्टरांना चावा युरोपातला असल्याचं आवर्जून सांगा.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी पुढचा प्रश्न लसीचा असणार. पहिली लस १९९८ मध्ये अमेरिकेत आली, लाइमरिक्स. तीन मात्रांनंतर तिची परिणामकारकता ७६ टक्के दिसली होती. दुष्परिणामांची ओरड, खटले आणि घसरलेली विक्री यांत २००२ साली कंपनीनं ती मागे घेतली. ती ओएसपीसीवर नव्हती, ओएसपीएवर होती, आणि ही निवड फार हुशारीची होती. ओएसपीए गोचिडीच्या पोटात वापरलं जातं. तिथं प्रतिपिंडांचा मारा सहसा होत नाही, म्हणून अमेरिकी बर्गडॉर्फेरीत ते फारसं बदललेलं नाही. लस घेतलेल्या माणसाचं रक्त गोचिडीनं प्यायलं की त्यातली प्रतिपिंडं तिच्या पोटातच जिवाणूला गाठतात. एकाच जिवाणूचं एक प्रथिन डझनभर रूपांत आणि दुसरं जवळपास एकाच रूपात. लस कशावर बांधायची हे वैविध्यानंच सांगितलं. युरोपात मात्र प्रजातींगणिक ओएसपीए वेगळं आहे. म्हणून फायझर आणि व्हॅल्नेव्हा यांच्या 'व्हीएलए-१५' या लसीत सहा प्रकार एकत्र घेतले आहेत: एक बर्गडॉर्फेरीचा, एक अफझेलीचा, एक बव्हेरिएन्सिसचा आणि तीन एकट्या गारिनीचे. तिच्या मोठ्या चाचण्या अमेरिका, कॅनडा आणि युरोपात घेतल्या गेल्या.

उरलं सांगली. गोठ्यातल्या जनावरांवर असतात त्या गोचिडी वेगळ्या कुळांतल्या, ऱ्हिपिसेफॅलस आणि हायलोमा. लाइम पसरवणारं कूळ इक्झोडिस, त्याला थंड, ओलसर रानं लागतात. तुमच्या आईवडिलांनी जनावरांच्या आणि स्वतःच्या अंगावरच्या गोचिडी जरूर काढाव्यात, पण लाइमच्या भीतीनं नव्हे. महाराष्ट्रात गोचिडींच्या तापाची खरी काळजी करायची तर ती सिंधुदुर्गात. दोडामार्ग भागात २०१६ मध्ये क्यासनूर जंगल तापाची साथ आली होती. तो विषाणूचा आजार आहे आणि त्याची गोचीडही निराळी. भारतात लाइमचे तुरळक रुग्ण हिमालयाच्या बाजूनं आणि दक्षिणेकडच्या जंगलांतून नोंदवलेले आहेत, पण बराचसा आधार प्रतिपिंडांच्या चाचणीवर आहे. ही चाचणी सिफिलिस आणि लेप्टोस्पायरोसिस यांच्या प्रतिपिंडांनीही फसू शकते, कारण ते जंतूही असेच वळणदार. पावसाळ्यात भातखाचरात उतरलेल्या माणसाची लाइमची चाचणी पॉझिटिव्ह आली आणि तो कधी परदेशी गेलेला नसेल, तर मी आधी लेप्टोचा विचार करीन.

खबरदारी घ्यायची ती तुम्हीच. जूनमध्ये न्यू जर्सीतल्या घरामागच्या झुडपांत काम करून जुलैत सांगलीला गेलात आणि तिथं ताप आला, चट्टा उठला, तर तिथल्या डॉक्टरांच्या मनात लाइम सहजासहजी येणार नाही. गोचीड कुठली आणि महिना कुठला, हे त्यांना आपणहून सांगा. चट्टा स्पष्ट असेल तर रक्ततपासणीची वाट पाहू नका. पहिल्या एक-दोन आठवड्यांत ती बऱ्याचदा निगेटिव्हच येते, आणि डॉक्सिसायक्लिन सांगलीतल्या कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळतं.